खातूनबीच्या अंगणातला हंगाम

दिवाळी उलटली की माझं घरात मन लागत नाही. फराळाचे डबे तळाला गेलेले असतात, पहाटे पायांना फरशी गार लागू लागते आणि परतवाड्याकडून कापसाच्या बंड्या अमरावतीत शिरू लागतात. आमचं घर त्या रस्त्याला लागूनच आहे. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, वंगण संपलेल्या चाकांची कुरकुर, हाकणाऱ्याचं खोकणं. दिवस वर आला की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले दिसतात. कुंपणाच्या तारेला, विजेच्या खांबाला, शाळेतून आलेल्या माझ्या मुलाच्या केसांनासुद्धा. मी ते पुंजके वेचून टाकते आणि मग उगीच या खोलीतून त्या खोलीत जात राहते. भाजी चिरायला घेते, अर्धी चिरून उठते. पुस्तक उघडते आणि त्याच पानावर बसून राहते.

"काय हरवलंय?" असं हे दरवर्षी विचारतात. हरवलेलं काही नसतं. पण कापसाचा वास आला, तो कोरडा, घशात खवखवणारा वास, की मला वाटतं कुठंतरी एखादं मूल रडतंय आणि मी जायला हवं. आमचा मुलगा अंगणात खेळत असतो, धडधाकट असतो. तरी मी दारापर्यंत जाऊन येते.

अकोल्यातल्या त्या हंगामाला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा विशीत होते. अमरावतीला बालशिक्षणाचा वर्ग पुरा करून आईबाबांकडे परतले होते. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मला मात्र कुठंतरी मुलांत जाऊन बसायचं होतं. तेवढ्यात शहरातल्या एका महिला मंडळानं बालवाडी काढली आणि मला तिथं नेमलं. मंडळाच्या अध्यक्षा माई, एका मोठ्या वकिलांच्या पत्नी. बोलणं मोजकं, काम नेटकं. त्यांनी एका देवळाचा सभामंडप मिळवला, लाकडी ठोकळे बनवून घेतले, रंगीत मण्यांच्या माळा आणल्या. सगळं मनापासून केलं होतं. मुलं यायची ती वकिलांची, डॉक्टरांची, पेढीवाल्यांची. छातीवर रुमाल टाचलेली, तेल लावून भांग पाडलेली. गोड मुलं होती. पण त्यांच्या घरी गोष्टी सांगणारी आजी होती, चित्रांची पुस्तकं होती, फिरायला नेणारे काका होते. मी त्यांना जे द्यायची त्यातलं पुष्कळसं त्यांच्याकडे आधीच असायचं. मी शिकवायची, ती पटकन शिकायची, आणि मी घरी येऊन अस्वस्थ बसायची.

सभामंडपाला एका बाजूनं लाकडी जाळी होती. जाळीतून जिनांकडे जाणारा रस्ता दिसायचा. जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारे कारखाने. दिवाळीनंतर त्यांचे भोंगे सुरू झाले की शहराचा तो सगळा भाग धडधडत असे. वस्तीतल्या बाया उजाडायच्या आत कामाला जात. दुपारच्या सुमाराला त्याच रस्त्यानं लहान लहान मुली जायच्या, कडेवर भावंडं घेऊन. तान्ह्यांना आईच्या अंगावर पाजायला न्यायचं आणि परत आणायचं, हे त्यांचं काम. पोरगी आठ-नऊ वर्षांची, कडेवरचं पोर तिच्या निम्म्या वजनाचं, त्यामुळे त्या सगळ्या एका बाजूला कलून चालायच्या.

त्यातली एक रोज जाळीपाशी थांबू लागली. आमची गाणी चालली की ती बाहेरून ओठ हलवायची, आणि कडेवरच्या भावाचा हात धरून त्याच्याकडून टाळ्या वाजवून घ्यायची. मी एकदा जवळ जाऊन नाव विचारलं.

"विमल. अन् हा अशोक."

"आत ये ना."

तिनं मंडपाच्या खांबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमी नाही येत देवयात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दुखावलेपण नव्हतं, थोडी ऐट होती. बौद्ध धम्माची दीक्षा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. तिच्या वस्तीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं की आपण आता कोण आहोत आणि कुठं जायचं नाही. ती बाहेर उभी राहूनच सगळी गाणी शिकली. मंडपातल्या मुलांच्या आधी शिकली.

मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी बालवाडी सुटल्यावर वस्तीत चौकशी केली तेव्हा एका म्हातारीनं सांगितलं, "ते तं शायेत जाते आता. तिच्या मायनं पुन्ना घातलं." मला इतका आनंद झाला की मी तशीच विमलच्या आईला भेटायला जिनावर गेले.

जिनात पाऊल ठेवलं आणि पहिल्या श्वासालाच मी खोकू लागले. हवेत तंतूच तंतू. यंत्रांच्या आवाजात समोरच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसायचे. बायांनी नाकातोंडाला पदर बांधले होते. भुवया, पापण्या, केस, सगळं पांढरं; विशीतल्या आणि साठीतल्या बायांत फरक कळू नये. विमलची आई, गयाबाई, कोण ते मला कुणीतरी बोट दाखवून सांगितलं. उंच, काटक बाई. तिनं मला बाहेरच्या छपरात नेलं. तिथं आवाज थोडा कमी होता.

"विमलला शाळेत घातलंत, फार चांगलं केलंत," मी म्हणाले.

"हव," ती म्हणाली. "मी नाही शिकलो. तिले शिकवीन."

"आणि अशोक? त्याला कोण बघतं?"

तिनं मागं बोट दाखवलं. छपराच्या कोपऱ्यात कापसाचा ढीग होता. त्यावर बारदान टाकून तीन-चार तान्ही निजवली होती. त्यांत अशोक होता. मला तो आधी ओळखूच आला नाही, कारण मी त्याला नेहमी हातपाय उडवताना पाहिला होता. आता त्याचे ओठ किंचित उघडे होते, नाकपुड्यांवर तंतू बसले होते आणि तो हलत नव्हता. शेजारी इतका गोंगाट चालला होता, माशी डोळ्यावर बसत होती, तरी तो हलत नव्हता.

"गोयी देली," गयाबाई म्हणाली. "सांजेपर्यंत झोपते."

अफूची गोळी. हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना ती देत, हे मी ऐकून होते. पाहिलं नव्हतं.

मी काहीतरी म्हणाले असेन, किंवा माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल. गयाबाईनं तोंडावरचा पदर खाली केला. "मले सांगा बाई, मी काय करू? याले पोरीजवळ ठेवलं तं तिची शाया बुडते. तिले शायेत धाडलं तं याले गोयी द्या लागते. दोनी माह्येच लेकरं व्हय." ती रागावलेली नव्हती. मला खरंच विचारत होती.

त्या दिवसापासून मला देवळाच्या मंडपात बसवेना. मण्यांच्या माळा हातात घेतल्या की ते बारदान दिसायचं. मी माईंकडे गेले आणि म्हणाले, आपली बालवाडी जिनाजवळ नेऊ या. वस्तीतली मुलं येतील, तान्ह्यांसाठीही काही करता येईल.

माईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपण कुणाला अडवलंय का?" त्या म्हणाल्या. "मंडप सगळ्यांसाठी उघडा आहे. त्यांनी यावं."

मी हे गयाबाईला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "आमी जवा येत होतो, तवा तुमी येऊ देत नव्हते. आता तुमी या म्हनता, तं आमाले याचं नाही." मग म्हणाली, "जागा मधातली पायजे, बाई. तुमची नाही, आमची नाही, अशी."

वस्तीतल्या विहाराच्या भिंती उभ्या होत्या, पण वर छप्पर नव्हतं. शाळेच्या गुरुजींनी व्हरांडा देता येणार नाही असं सांगितलं. मालधक्क्याजवळ एक मोकळं गोदाम होतं. बाबांनी साहेबांना विचारलं, तिथूनही नकार आला. मी रोज कुठं कुठं फिरायची. ऊन कोवळं होतं, हवा सुरेख होती, शहरभर कापसाचे भाव आणि बंड्या आणि मिठायांची दुकानं, सगळे खुशीत होते, आणि मी वेड्यासारखी एक मोकळी जागा शोधत फिरत होते. आई म्हणायची, "दोन घास खाऊन तरी जा." मला भूकच लागत नसे.

असं चाललेलं असताना एका दुपारी अशोक जागा झाला नाही.

मला निरोप आला तेव्हा मी मंडपात होते. मुलांना मंडळाच्या गड्याच्या हवाली करून धावत गेले. जिनाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गयाबाई मांडी घालून बसली होती. मांडीवर पोर. ती त्याचे गाल थोपटत होती, पायांना चोळत होती. बाजूला बाया उभ्या होत्या, आणि त्यांच्यात एक वयस्क मुसलमान बाई पोराच्या तोंडावर पाणी शिंपडत होती. ती समोरच राहायची, पिंजाऱ्याची विधवा, खातूनबी. गलका ऐकून तांब्या घेऊन आली होती. तिनंच टांगा थांबवला, टांगेवाल्याला दरडावून आम्हाला आत बसवलं आणि स्वतःही चढली. सरकारी दवाखान्यापर्यंत गयाबाई त्याचे पाय चोळत राहिली. खातूनबी सारखी त्या पोराशी बोलत होती. "उठ रे राजा. देख, तेरी माँ देखती. उठ ना."

डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत झोपू दिलं नाही. चिमटे काढले, उचलून धरलं, ओल्या फडक्यानं पुसलं, श्वास मोजत बसले. शेवटी तो रडला. बारीक, चिरका आवाज. गयाबाई भिंतीला टेकून होती, तिनं पुढं होऊन त्याला घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळी सोडवा याची. पण एकदम तोडू नका. आकडी येईल. रोज थोडी थोडी कमी करत आणा. आणि याला कुणीतरी घेऊन बसणारं माणूस पाहिजे, नाहीतर हे जमायचं नाही."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही तिघी बसलो होतो. दिवे लागले होते. खातूनबी म्हणाली, "मेरा आंगन खाली पडा है. पिंजन अब मेरा देवर दुकान पे करता. नीम की छाँव है, पानी है. बिठाओ बच्चों को." मग गयाबाईकडे वळून म्हणाली, "चालन का तुमाले?"

"माह्या घरचे काय म्हनतीन, मालूम नाही," गयाबाई म्हणाली.

"माह्ये बी काय म्हनतीन, मले मालूम नाही," खातूनबी म्हणाली.

दोघींनाही ते पुढच्या काही दिवसांत कळलं. वस्तीतले पुरुष म्हणाले, आपला विहार पुरा होईपर्यंत थांबा. खातूनबीचा दीर म्हणाला, इतक्या बाया अंगणातून ये-जा करतील, घरातल्या पडद्याचं काय. एका संध्याकाळी सगळे त्याच अंगणात जमले. कडुनिंबाखाली पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, आणि मी मध्ये कुठं बसावं ते न कळून उभीच. बराच वेळ सगळे एकमेकांची अडचण समजावून सांगत राहिले. कुणी कुणाला दुखवत नव्हतं आणि काहीच ठरत नव्हतं. शेवटी गयाबाईनं अशोकला उचललं आणि खातूनबीच्या दिराच्या मांडीवर ठेवलं.

"तुमी सांगा भाऊ," ती म्हणाली. "उद्या याले जिनात नेऊ का इथं ठेवू?"

दीर साधा माणूस होता. त्यानं पोराकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. "मधी एक टाट बांधून घेतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं अंगण आणि घर यांच्या मध्ये तट्ट्या बांधून आडोसा केला. वस्तीतल्या पुरुषांनी बांबू आणले आणि अर्ध्या अंगणावर छप्पर घातलं. जिनाच्या शेठजींकडे गयाबाई आणि मी गेलो, तेव्हा त्यांनी जुनी बारदानं आणि पाण्याचं एक पिंप देऊ केलं. तान्ह्यांना पाजायला दुपारी थोडी सुट्टी द्या म्हटलं, तर ते मुकादमाला विचारा म्हणाले. मुकादम नाही म्हणाला. मग दुपारी अंगावर पाजणाऱ्या बाया कुणालाही न विचारता उठल्या आणि रस्ता ओलांडून अंगणात आल्या. त्यांचं पाजून होईपर्यंत त्यांच्या जागा बाकीच्या बायांनी सांभाळल्या. मुकादमानं दोन-तीन दिवस आरडाओरडा केला. हंगाम भरात होता, दुसऱ्या बाया मिळत नव्हत्या. तो गप्प झाला.

मी माईंच्या बालवाडीतून निघाले नव्हते. सकाळी मंडप, मग अंगण. माईंना मी सगळं सांगितलं. त्या एका दुपारी अंगणात आल्या. छपराखाली बसलेली मुलं पाहिली, बारदानाच्या झोळ्यांत निजलेली तान्ही पाहिली. मुलं सरकीचे ढीग करत होती, मोठी सरकी इकडे, लहान तिकडे, किडकी बाजूला. एक पोरगी चिंचोके मांडून गोल करत होती. माई तिच्याजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. खातूनबीनं पाणी आणलं, ते त्यांनी हात जोडून नाकारलं. खातूनबी गडवा घेऊन तशीच परत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी मंडळाच्या गड्याबरोबर दुधाच्या भुकटीचा मोठा डबा आला, मण्यांच्या निम्म्या माळा आल्या, आणि मला सबंध दिवस अंगणात राहायची परवानगी आली. या दोन दिवसांतल्या माई एकच होत्या. मी आजही त्यांचा विचार करते तेव्हा कधी त्या पाण्याच्या गडव्यापाशी अडते, कधी त्या डब्यापाशी.

दुधावरूनही व्हायचं ते झालं. दूध खातूनबीच्या चुलीवर, तिच्या पातेल्यात उकळायचं. जिनात काम करणाऱ्या काही कुणब्यामाळ्यांच्या बायाही मुलं पाठवू लागल्या होत्या. त्यांनी एका दिवसात मुलं काढून घेतली. मी घरोघर गेले, समजावलं, कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही आणि कुणी पाठवलंही नाही. मी रडकुंडीला आले. गयाबाई म्हणाली, "तुमी कावून जीव जाळून राहिल्या? पौष लागू द्या." पौषात कापसाची रास वाढली, जिनं दोन पाळ्यांत चालू लागली, आणि ती मुलं एक-एक करून परत आली. मनं बदलली असं मला म्हणवत नाही. घरी सांभाळायला कुणी नव्हतं. पण मुलं त्याच पातेल्यातलं दूध एकमेकांना ढकलत पीत होती, आणि दुधाच्या मिशा उमटलेली ती तोंडं पाहताना मला कारण विचारावंसं वाटत नव्हतं.

हे सगळं सांगताना वाटतं की दिवस भराभर सरकत होते. तसं नव्हतं. अशोकचे दिवस सरकत नव्हते.

गोळी कमी होत गेली तसा तो रडू लागला. असं रडणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. त्याला घाम फुटायचा, अंग ताठ व्हायचं, दूध पोटात ठरायचं नाही. घेतलं तरी रडायचा, ठेवलं तरी रडायचा. त्याच्यामुळे बाकीची तान्ही उठायची. मोठी मुलं कानांवर हात ठेवायची. मी एक गाणं सुरू करायची आणि त्याच्या आवाजात ते बुडून जायचं. खातूनबी त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची. मी, मग ती, मग पुन्हा मी. कडुनिंबापासून पिंपापर्यंत, पिंपापासून फाटकापर्यंत. तिथल्या मातीत आमची वाट पडली होती.

दुपारी गयाबाई पाजायला यायची. तो तिच्याकडेही शांत होत नसे. एकदा ती त्याला तसाच मांडीवर घेऊन बसली, आणि तिच्या कमरेच्या पिशवीकडे हात गेला. "एक देतो," ती म्हणाली. "उगा थोडीशी. त्याचे हाल पाहवत नाही मले."

मला वाटत होतं की तिनं द्यावी. मलाही झोप नव्हती, कानात रात्रंदिवस तोच आवाज. मी तिला अडवलं नाही.

खातूनबीनं हात पुढं केला. "आजची गोयी सकायीच झाली त्याची. आता दे मले ते पिशवी," ती म्हणाली. "सांजेले घरी जाशीन तवा घेऊन जाय." गयाबाईनं पिशवी सोडून तिच्या हातावर ठेवली आणि पोराला माझ्याकडे देऊन कामाला गेली. रस्ता ओलांडताना तिनं दोन्ही हातांनी कान झाकले होते.

संध्याकाळी विमल शाळेतून थेट अंगणात यायची. पाटी खाली ठेवायची आणि भावाला घ्यायची. एकदा म्हणाली, "बाई, मी शाया सोडून देतो. मी याले घेतलं की हा कमी रडते." ते खरं होतं. तिच्याकडे तो खरंच कमी रडायचा. खातूनबीनं तिला जवळ बसवलं, भाकरीचा तुकडा दिला. "सोडशीन तं हा काय म्हनन मोठा झाल्यावर?" ती म्हणाली. "माह्यापायी बहीन अडानी राह्यली म्हनन. जाय तू. आमी हाओत." विमलनं भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, पण वाटेत फाटकातून डोकावून गेली, आणि तिचा चेहरा पाहून मला दिवसभर काही सुचलं नाही.

तो नेमका कधी थांबला ते मला सांगता येत नाही. संक्रांत झाली होती. एका सकाळी मी नेहमीसारखी कान टवकारून फाटकातून आत आले आणि अंगणात फक्त मुलांची कलकल होती. अशोक छपराखाली बसला होता. हडकला होता, डोळे मोठे दिसत होते. त्यानं सरकीची मूठ भरली, उघडली, सगळी सांडली, आणि सांडलेल्या सरकीकडे आश्चर्यानं पाहत राहिला. पुन्हा मूठ भरली. शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, पाहा, आपला खेय खेयते तो." खातूनबी पिंपाला टेकून बसली होती. तिला डुलकी लागली होती. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून ती घोरत होती. मुलांनी तिला उठवू नये म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं, आणि ती सगळी चिमुरडी ओठांवर बोटं ठेवून बसली.

फाल्गुनात हंगाम उतरला. बंड्या विरळ झाल्या, एक-एक जिन थंडावलं, भोंगे बंद झाले. बाया दुसऱ्या कामांना लागल्या, काही जणी गावांकडे गेल्या. अंगणात मुलं कमी होत होत मोजकी उरली. माझं लग्न ठरलं होतं. सगळं छान होतं, स्थळ चांगलं होतं, आणि मी सारखी खातूनबीला विचारायची, "पुढच्या वर्षी काय?" मंडळ दूध देईल का? मुकादम बदलला तर? दिराचं मन फिरलं तर? विहार पुरा झाल्यावर वस्तीची मुलं तिकडे गेली तर?

"तुमी लगन करा, बाई," ती म्हणायची. "पुढचं पुढं."

लग्न होऊन मी अमरावतीला आले. पहिल्या हंगामात माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. कुणाच्या हाती निरोप धाडावा तर काय म्हणून? शेवटी माघाच्या सुमाराला माहेरपणाला अकोल्याला गेले, तेव्हा आईनं चहा ठेवेपर्यंतही मला धीर निघाला नाही. मी तशीच निघाले. वाटेत मनाची तयारी करत होते की अंगण रिकामं असेल, छपराचे बांबू कुणी नेले असतील, आणि मी खातूनबीजवळ बसून म्हणेन, जाऊ द्या, एक हंगाम तर झाला.

फाटक उघडं होतं. छप्पर मोठं झालं होतं. आत मुलं होती, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. त्यांच्यात एक तरुण मुलगी उभी होती, पांढरं लुगडं नेसलेली, केस घट्ट बांधलेले. ती वस्तीतलीच, नुकती सातवी पास झालेली, हे मला नंतर कळलं. तिला मंडळ आणि वस्ती मिळून पगार देत होती. खातूनबी चुलीपाशी होती, माझ्याकडे तिची पाठ होती. ती मुलगी एक गाणं म्हणत होती. मला ते येत नव्हतं. मुलांना येत होतं.

मी फाटकातच उभी राहिले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी नसताना इथं दिवस उगवले होते, मुलं आली होती, दूध उकळलं होतं. वर्षभर माझ्या जिवाला जी टोचणी होती तिची इथं कुणाला गरज नव्हती. मला आनंद झाला होता, आणि त्याच्या आत कुठंतरी काहीतरी हललं होतं, ज्याला मला नाव देता येईना.

कडेला बसलेल्या एका लहान मुलीनं मला पाहिलं. नाक वाहत होतं, एका हातात खडू होता. आया मुलांना न्यायला येतात तशी मीही आले असेन, असं तिला वाटलं.

"कोनाले न्याले आल्या?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला. मग बारदानावर सरकून माझ्यापुरती जागा केली.

"मंग बसा," ती म्हणाली.